फिल्टर बदलायचा कोणी?

गावी गेलो की ग्रामपंचायतीच्या आवारातल्या पाण्याच्या एटीएमकडे माझे लक्ष जातेच. पाच रुपयांचे नाणे टाकल्यावर वीस लिटरचा जार भरून देणारे हे यंत्र एका कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीतून बसले, फीत कापून त्याचे उद्घाटनही झाले. पण दोन उन्हाळ्यांनंतर आतला फिल्टर बदलायची वेळ आली, तेव्हा तो खर्च कोणी करायचा याचे उत्तर ना कंपनीकडे होते, ना सरपंचांकडे. त्या खोलीत आता मांडवाचे सामान असते. कंपनीच्या नावाचा निळा फलक मात्र अजून ठळक आहे.

हा दोष एकट्या कंपनीचा नाही. कंपनी कायदा २०१३ चे कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झाले आणि ५०० कोटींचे नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारी रक्कम), १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक जरी निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करण्याचे बंधन आले. दीर्घ मुदतीचा प्रकल्पसुद्धा सुरुवातीचे वर्ष सोडून तीन वर्षांत आटोपावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अशा खर्चातून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही, ती संस्थेकडे, लाभार्थी गटाकडे किंवा सार्वजनिक यंत्रणेकडे जाते. हे योग्यच आहे, पण मालकीबरोबर वीजबिलही येते, आणि त्याची तरतूद करारात क्वचितच दिसते.

याउलट २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेची मूळ मांडणी मला अधिक शहाणपणाची वाटते. तलावातला गाळ उपसायच्या यंत्राचा आणि डिझेलचा भार सरकार, संस्था किंवा कंपनीच्या निधीवर, आणि गाळ शेतापर्यंत नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा होता. माझ्या चुलत्यांनी भाड्याच्या ट्रॅक्टरने गाळ आणून मुरमाड तुकड्यावर पसरला. स्वतःचे पैसे घातले असल्यामुळे प्रत्येक खेप ते बांधावर उभे राहून मोजत होते.

यंदा गावापुढे सौर पथदिव्यांचा प्रस्ताव आला. ग्रामसभेत मागच्या रांगेतल्या एका आजींनी विचारले, “बॅटरी कोण बदलणार?” थोडा हशा झाला. हा प्रश्न इतिवृत्तात घ्यायला ग्रामसेवकांना दोनदा सांगावे लागले.