अर्ध्या इंचाची फट

पिकअप घराकडे तोंड करून ड्राइव्हवेत उभा होता आणि मागे येत नव्हता. "बाहेर काढायचा तर ढकलावाच लागतो," माझ्या गिऱ्हाईक आजोबांचा नातू म्हणाला. आम्ही दोघांनी ढकलून तो रस्त्यावर आणला आणि मी एक चक्कर मारली. पहिला गिअर ठणठणीत. दुसऱ्याची वेळ आली की गिअर बदलायचाच नाही, पहिल्यातच इंजिन नुसतं रेस होत राहायचं. वेग थोडा वाढला की तिसरा नीट धरायचा. चौथा पडायचाच नाही, गाडी तिसऱ्यातच राहायची.

म्हणजे रिव्हर्स, दुसरा आणि चौथा गेलेले, पहिला आणि तिसरा शाबूत. ४एल६०ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स १९९३ पासून अमेरिकेतल्या लाखो पिकअपमध्ये बसला. त्याच्यावर ज्याने काम केलंय त्याला एवढ्यावरून आत काय झालंय ते कळतं. आत सन शेल नावाचं जाड पत्र्याचं नळकांडं असतं. दुसऱ्या आणि चौथ्या गिअरला एक बँड ड्रम आवळतो आणि त्या ड्रममार्फत हे नळकांडं जागीच थांबतं. रिव्हर्सला सगळा जोर त्याच्यातूनच पुढे जातो. पहिल्या-तिसऱ्याला त्याच्यावर भार नसतो. मधल्या स्प्लाइन, म्हणजे शाफ्टला अडकणारे उभे दाते, झिजून साफ झाल्या, की बरोबर हेच तीन गिअर एकदम जातात. गाडी दोन लाख मैलांच्या पुढे चाललेली, त्यामुळे आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं.

मी मूळचा साताऱ्याचा. आयटीआयला मोटर मेकॅनिक केलं, एमआयडीसीतल्या ट्रकच्या वर्कशॉपमध्ये हात बसवला, आणि लग्नानंतर बायकोच्या नोकरीमुळे मिशिगनला आलो. इथे पैसे घेऊन गाड्या दुरुस्त करायच्या तर राज्याचं मेकॅनिकचं प्रमाणपत्र लागतं. ते घेतलं, मेकॅनिकांची परीक्षा घेणाऱ्या एएसई या संस्थेची ऑटोमॅटिक ट्रान्समिशनची परीक्षाही दिली. आता माझी व्हॅन हेच माझं वर्कशॉप, गिऱ्हाईकाच्या दारात जाऊन काम करतो. तरी पूर्ण गिअरबॉक्स घरी बदलायचं काम मी सहसा घेत नाही. हे घेतलं ते आजोबांमुळे.

इप्सिलँटीजवळच्या विलो रनच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर गिअरबॉक्स जोडले होते. दुसऱ्या महायुद्धात फोर्डने तिथे बी-२४ बाँबर विमानं बांधली. १९५३ च्या ऑगस्टमध्ये लिव्होनियातला जनरल मोटर्सचा हायड्रामॅटिक या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा कारखाना आगीत खाक झाला, आणि कंपनीने काही आठवड्यांत ते काम विलो रनला हलवलं. पुढे २०१० पर्यंत तिथून गिअरबॉक्स बाहेर पडत होते. आजोबांचे हात आता थरथरतात, गाडीखाली जाता येत नाही. नातू त्याच पिकअपला ट्रेलर लावून लोकांची लॉन कापायला जातो, ऑक्टोबरात पालापाचोळा उचलतो. गॅरेजने सांगितलेला आकडा त्यांना झेपणारा नव्हता. रीबिल्ट गिअरबॉक्स त्यांनीच मागवून ठेवला होता, गॅरेजची फरशीही सपाट आणि पक्की होती. म्हटलं, करू.

शनिवारी सकाळी गाडी चार स्टँडवर चढवली. प्रत्येक स्टँड हलवून बघितल्याशिवाय मी कोणालाच खाली जाऊ देत नाही. तेल काढलं, चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर खूण करून तो उतरवला, तारांचा मोठा गोल कनेक्टर सोडवला. एक्झॉस्टच्या बोल्टांनी मात्र जीव खाल्ला. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे खालचा प्रत्येक बोल्ट गंजून एकजीव झालेला असतो. गॅसच्या टॉर्चने तापवत, गंजाचं तेल मारत एकेक सोडवला. स्टार्टर काढला की त्या जागेतून फ्लेक्सप्लेट, म्हणजे इंजिनच्या मागची पातळ चकती, दिसते. तिला कन्व्हर्टर जोडलेला असतो, इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणारा गोल डबा. इंजिन पुढून पान्याने फिरवत त्याचे तीन बोल्ट एकामागून एक समोर आणायचे. बेलहाउसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या इंजिनला टेकणाऱ्या तोंडाच्या, वरच्या बोल्टांपर्यंत हात पोचतच नाही. खालचा आडवा आधार, क्रॉसमेंबर, काढून गिअरबॉक्सची शेपटी खाली सोडायची आणि हातभर लांब एक्स्टेन्शन मागून वर घालायचं. दुपारी जुना गिअरबॉक्स ट्रान्समिशन जॅकवरून खाली आला.

मग मी गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरकडे वळलो. जुन्या गिअरबॉक्समधला लोखंडाचा चुरा तेलाबरोबर रेडिएटरमधल्या कूलरमध्ये जाऊन बसतो. तो तसाच ठेवून नवा गिअरबॉक्स जोडला, तर पहिल्याच दिवशी ती घाण नव्याच्या व्हॉल्व्हमध्ये शिरते. घरच्या घरी गिअरबॉक्स बदलणारे सगळ्यात जास्त इथे फसतात. सगळं जड काम केलेलं असतं आणि एवढंसं राहून जातं. मी उलट्या दिशेने फ्लशिंगचं द्रावण सोडलं. आधी काळं आलं, मग करडं, त्यात बारीक चमक. पांढऱ्या फडक्यावर एकही कण दिसेना तोवर सोडत राहिलो.

मी पुढे त्यात अडकलेलो असताना मागे नातवाने नव्या गिअरबॉक्सच्या कन्व्हर्टरला धरून ठेवणारी पट्टी काढली. हेतू चांगला होता, काम पुढे सरकावं म्हणून. पण जॅकवर गिअरबॉक्सचं तोंड जरासं खाली झुकलं होतं. पट्टी निघाल्यावर कन्व्हर्टर पुढे सरकला असणार, ते कोणाच्याच लक्षात आलं नाही.

आम्ही गिअरबॉक्स वर चढवला, जागा जुळवणाऱ्या डॉवेल पिन जुळल्या, आणि अर्ध्या इंचावर तो थांबला. पुढे जाईना. मी जॅकचा कोन बघत होतो. तेवढ्यात नातवाने खालचा एक बोल्ट लावून पाना फिरवला. पान्याचा आवाज जड झाला.

"थांब! पाना काढ."

"अर्धा इंचच तर राहिलाय. बोल्टने ओढून घेऊ."

साताऱ्याच्या वर्कशॉपमध्ये आमचे मिस्त्री ट्रकचा गिअरबॉक्स चढवताना पाने आपल्या खिशात ठेवायचे. बेलहाउसिंग हाताने टेकलं की मगच पाना मिळायचा. बोल्टचं काम टेकलेलं धरून ठेवणं, ओढणं नाही. तिथे साधा क्लच शाफ्ट असायचा. ऑटोमॅटिकला तर याची किंमत फार मोठी. कन्व्हर्टर पूर्ण आत नसेल आणि तुम्ही बोल्टने ओढलंत, तर तो इंजिन आणि गिअरबॉक्सचा तेलाचा पंप यांच्यात चिरडला जातो, आणि गाडी सुरू व्हायच्या आधीच पंप फुटतो.

मी बोल्ट सोडून हातात घेतला आणि म्हटलं, पुन्हा खाली घेऊ. नातवाने घड्याळाकडे बघितलं. आजोबा स्टुलावरून म्हणाले, "तो म्हणतो तसं कर."

खाली घेऊन गिअरबॉक्सचं तोंड वर केलं. हाताच्या बळाने कन्व्हर्टर बाहेर काढून आधी पंप तपासला. बोल्ट दोन-तीनच आटे फिरला होता. बॅटरीच्या उजेडात पंपाच्या रोटरवर, कन्व्हर्टरच्या मानेवर बोट फिरवून बघितलं. ओरखडासुद्धा नव्हता. मानेला तेल लावलं, कन्व्हर्टर परत ठेवला आणि नातवाला म्हटलं, "आता तू बसव. ढकलू नकोस. फिरवत राहा आणि ऐक."

तीन जागा जुळाव्या लागतात. आतल्या टर्बाइनच्या स्प्लाइन इनपुट शाफ्टवर, मग स्टेटरच्या स्प्लाइन स्टेटर शाफ्टवर, आणि शेवटी मानेवरच्या खाचा पंपाच्या रोटरमध्ये. पहिला खटका लगेच आला. दुसराही आला. तिसरा येईना. इथेच बहुतेकांना वाटतं की झालं, कारण दिसायला कन्व्हर्टर आत गेलेलाच दिसतो. आजोबा उठले, जवळ आले आणि थरथरता तळवा त्यांनी कन्व्हर्टरच्या कडेवर ठेवला. भार न टाकता नुसता डोलवत फिरवला. ठक्. कन्व्हर्टर चांगला पाऊण इंच आत बसला. नातू बघत राहिला. कारखान्यात एका शिफ्टला असे किती बसवले असतील, असं मी विचारलं, तर ते म्हणाले, "मोजायला वेळ कुठे होता?"

या वेळी बेलहाउसिंग दोन्ही हातांनी दाबल्यावर टेकलं. पाना लावायच्या आधी मी स्टार्टरच्या जागेतून कन्व्हर्टर बोटांनी फिरवला. मोकळा फिरला, आणि फ्लेक्सप्लेटपासून मागे चार मिलिमीटरची फट. ती तीन ते पाचच्या मध्ये हवी. मग तो पुढे ओढून तिन्ही बोल्ट लावले, टॉर्क रेंचने आवळले.

तेलाचं एकच सांगतो, एकदम ओतायचं नाही. रिकाम्या गिअरबॉक्स-कन्व्हर्टरला मिळून अकरा क्वार्टच्या आसपास डेक्स्रॉन ६ हे तेल लागतं. थोडं घालून इंजिन सुरू करायचं, लगेच आणखी घालायचं, सगळ्या गिअरमधून फिरवायचं आणि शेवटची पातळी गरम तेलावर, इंजिन चालू ठेवून बघायची.

अंधार पडल्यावर नातवाने आर मध्ये टाकला. हलकासा धक्का बसला आणि पिकअप आपणहून मागे ड्राइव्हवेबाहेर गेला. चाचणीला दुसरा आणि चौथा दोन्ही न घसरता पडले. परत आल्यावर खाली पुठ्ठा पसरून ठेवला. गळती नव्हती.

वाद झाला तो ट्रेलरवरून. मी म्हटलं, पहिले पाचशे मैल ट्रेलर लावायचा नाही. नातू म्हणाला, पानगळीचा हंगाम चारच आठवड्यांचा, तेवढ्यात महिन्याची कमाई असते. शेवटी ठरलं असं, की दोन आठवडे ट्रेलर बंद, पालापाचोळा मागच्या हौद्यात भरून न्यायचा, आणि नंतर ट्रेलर लावण्याआधी मी येऊन तेलाचा रंग बघणार. आजोबांनी ती तारीख कॅलेंडरवर लिहिली आणि पेन नातवाकडे दिलं, सही कर म्हणून.