एर्जेच्या गावात, फ्रांकँच्या मागे

ब्रसेल्समधली सगळ्यात मोठी गर्दी एका शू करणाऱ्या पोराभोवती असते. सव्वा हात उंचीचा तो पुतळा बघायला लोक एकमेकांच्या पायांवर पाय देत उभे असतात. आम्ही त्या गर्दीला वळसा घातला आणि त्याच गल्लीत जरासं पलीकडे जाऊन माना वर केल्या. एका घराच्या बाजूच्या भिंतीवर कॉमिक्समधला टिनटिन, त्याचा मित्र कॅप्टन हॅडॉक आणि कुत्रा स्नोई लोखंडी जिन्यावरून घाईघाईने खाली उतरत होते.

"मावशी, फोटो काढ आणि चल," भाचा म्हणाला. "हा सगळेच बघतात."

भाचा नऊ वर्षांचा. माझ्या मावसबहिणीचा मुलगा, घरी मराठी आणि शाळेत फ्रेंच बोलणारा. ऑफिसच्या कामाला जोडून मी चार दिवस रजा काढली होती. बहिणीला रजा मिळेना. ती म्हणाली, "ताई, तू यालाच घेऊन फिर. कॉमिक्समधलं त्याला आपल्यापेक्षा जास्त कळतं." मी हसून सोडून दिलं होतं. टिनटिनच्या बाबतीत मला कोण काय शिकवणार!

आमच्या लहानपणी नाशिकला एक काका भाड्याने कॉमिक्स द्यायचे. इंद्रजालचा मराठी वेताळ तिथे मिळायचा. टिनटिन मात्र मुंबईच्या आत्येभावाकडून सुट्टीत यायचा, तोही इंग्रजीत. मला तेव्हा इंग्रजी जेमतेम अक्षरओळखीपुरतं यायचं. तरी गोष्ट कुठे अडली नाही. फुग्यांकडे न बघता मी नुसत्या चौकटी वाचत जायचे. असं का जमलं, ते फार वर्षांनी कळलं. टिनटिन काढणाऱ्या एर्जेच्या चित्रात सावल्या जवळजवळ नसतात, रेष सगळीकडे सारख्या जाडीची, रंग सपाट, आणि मागची खुर्चीसुद्धा पुढच्या माणसाइतकीच स्पष्ट. डोळ्याला कुठे चाचपडावं लागत नाही. या शैलीला 'स्वच्छ रेष' हे नाव १९७७ साली यूस्ट स्वार्ते या डच चित्रकाराने दिलं. तोवर टिनटिन पन्नाशीला आला होता. १० जानेवारी १९२९ला ब्रसेल्सच्या एका कॅथलिक दैनिकाच्या मुलांच्या पुरवणीत तो पहिल्यांदा छापला गेला, तेव्हा एर्जे स्वतः एकवीस वर्षांचा होता. खरं नाव जॉर्ज रेमी. आद्याक्षरं उलटी करून फ्रेंचमध्ये वाचली की 'एर-जे'.

असं सगळं मी भाच्याला ऐकवत होते. तो वॉफल खात होता.

या शहराला भिंती रंगवायचा नाद १९९१ साली लागला. पहिलं भित्तिचित्र फ्रांक पे या चित्रकाराच्या ब्रूसाय नावाच्या पात्राचं. आता अशी पन्नासच्या वर भित्तिचित्रं आहेत. नकाशा घेऊन सगळी बघायचा बेत मी केला होता, पण नवव्या भिंतीला पाय बोलायला लागले. त्यातली काही पहिल्या मजल्याच्या वर सुरू होतात, खाली कचऱ्याचे डबे आणि सायकली. मला ते आवडलं. कॉमिक्सची जागा तीच आहे, रोजच्या रस्त्यावर.

दुसऱ्या दिवशी कॉमिक्सच्या संग्रहालयात गेलो. इमारत वास्तुकार व्हिक्टर होर्ताची, १९०६ साली वोके नावाच्या कापडव्यापाऱ्यासाठी बांधलेली. वरून काचेतून उजेड येतो, लोखंडी कठडे वेलींसारखे वळतात. कापडाचा रंग दिवसाउजेडी बघता यावा म्हणून काच, आणि आता त्याच उजेडात कागद टांगलेले. १९८९मध्ये हे संग्रहालय सुरू झालं. दिवाणखान्यासारख्या त्या मोठ्या दालनात मी उगाचच बराच वेळ नुसती उभी होते.

तिथे पेयोच्या निळ्या बुटक्यांपाशी, म्हणजे आपल्या स्मर्फांपाशी, भाच्याने मला एक गोष्ट सांगितली, ती आधी वाचलेली होती, पण त्याच्या तोंडून वेगळीच वाटली. पेयो आणि फ्रांकँ हे दोन चित्रकार मित्र समुद्रकाठी जेवत होते. पेयोला मीठ हवं होतं आणि 'मीठदाणी' हा शब्दच आठवेना. तो म्हणाला, "ते श्ट्रुम्फ दे जरा." फ्रांकँने दिलं आणि म्हणाला, "हे घे श्ट्रुम्फ, तुझं श्ट्रुम्फून झालं की मला परत श्ट्रुम्फ." सुट्टीभर दोघं तसंच बोलत राहिले. १९५८ साली पेयोने एका मालिकेत निळी माणसं आणली, तेव्हा त्यांना हे नाव दिलं आणि ही भाषाही.

"पण मावशी, हे तर आजी बोलते," भाचा म्हणाला. "अरे ते हे दे, त्या ह्याच्यावर ठेवलंय, हे झालं की परत हे कर."

तिथल्या पहारेकऱ्याने आमच्याकडे वळून बघितलं, इतके आम्ही हसलो.

या गोष्टीतला दुसरा माणूस, आंद्रे फ्रांकँ, मला तोवर नावापुरता माहीत होता. संग्रहालयातून निघून वरच्या रस्त्याकडे जाणाऱ्या पायऱ्या चढलो, तिथे एक पुतळा आहे. पोक काढून उभा असलेला, पोलोनेक स्वेटर घातलेला ढिला मुलगा. भाचा त्याला जाऊन बिलगलाच. हा गास्तों. २८ फेब्रुवारी १९५७च्या 'स्पिरू' साप्ताहिकात तो पहिल्यांदा आला. काम: 'स्पिरू'च्याच कचेरीतला पोऱ्या. प्रत्यक्षात काम काहीच नाही. वाचकांच्या पत्रांचा ढीग साचलेला, हा त्या ढिगात गुहा करून झोपलेला. दे मेस्माकर नावाचा एक श्रीमंत गिऱ्हाईक करारावर सही करायला येतो आणि गास्तोंच्या कुठल्यातरी शोधामुळे ती सही कधीच होत नाही. 'टिंकल'मधल्या सुपांडीचा हा सावत्र भाऊच म्हणायचा. फरक एवढाच, की सुपांडी सांगितलेलं शब्दशः करतो आणि गास्तों सांगितलेलं सोडून बाकी सगळं.

आणि त्या पायरीवर बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं, की सुपांडी काढणाऱ्या राम वाईरकरांचं नाव मला चाळिशीत कळलं. लहानपणी 'टिंकल' हातात पडला की आधी सुपांडीचं पान. त्या पानावर वाईरकरांचा हात होता हे मनातही आलं नव्हतं. अमर चित्र कथा म्हटलं की अनंत पै आठवायचे, चित्रं जणू आपोआप उगवायची.

त्या रात्री भाच्याने गास्तोंचे तीन अल्बम, म्हणजे कॉमिक्सची पुस्तकं, माझ्या उशाशी आणून ठेवले. माझं फ्रेंच बाजारात भाव विचारण्यापुरतं. म्हणजे मी पुन्हा नाशिकच्याच वयात. पुन्हा नुसत्या चौकटी. पण इथे स्वच्छ रेष नव्हती. गास्तोंच्या गाडीचा धूर वळवळतो, रागावलेल्या साहेबाचे हात चार-पाच दिशांना फुटतात, टेबलावरच्या रद्दीलासुद्धा श्वास असतो. पानाच्या शेवटी फ्रांकँची सही, तीही त्या पानावरच्या गोष्टीप्रमाणे बदलते. स्फोटाचं पान असेल तर सहीचेही तुकडे. मागची दृश्यं बरीच वर्षं काढून देणारा सहकारी जिदेएम, खरं नाव झाँ दे मेस्माकर. आद्याक्षरांवरून टोपणनाव घ्यायची तिथे रीतच दिसते. आणि हो, कधीच सही न होणाऱ्या त्या गिऱ्हाइकाला त्याचंच आडनाव दिलेलं. फ्रांकँचा जन्मही एर्जेसारखाच ब्रसेल्सच्या एटरबेक भागातला, सतरा वर्षांनंतर, १९२४ सालचा.

तिसऱ्या दिवशी एर्जेच्या संग्रहालयाला गेलो. ते ब्रसेल्समध्ये नाही. ओतिनीला गाडी बदलून लुव्हाँ-ला-नव्ह गाठायचं. हे गावच भांडणातून जन्मलेलं. लुव्हेनच्या जुन्या विद्यापीठात डच आणि फ्रेंच भाषिकांचं इतकं बिनसलं, की १९६८मध्ये विद्यापीठाची वाटणी झाली आणि फ्रेंचवाल्यांसाठी शेतात नवं गाव वसवलं. ग्रंथालयाची पुस्तकंसुद्धा वाटली, सम क्रमांक एकाला आणि विषम दुसऱ्याला. ही हकिगत मी बहिणीला फोनवर सांगितली, तर बेळगावचं सासर असलेली ती एवढंच म्हणाली, "ताई, मोठ्याने बोलू नकोस, कुणालातरी कल्पना सुचेल."

संग्रहालयाचा पत्ता २६, र्यू द्यु लाब्रादोर. टिनटिनचा गोष्टीतला पत्ताही हाच. पोर्झाम्पार्कने बांधलेली ही इमारत २००९ साली उघडली. आतमध्ये मला जे दिसलं त्याने माझी जुनी समजूत मोडली. एर्जेच्या पेन्सिलीच्या पानांवर स्वच्छ रेष नाहीच! एकेका पायासाठी पंधरा-वीस रेषा, एकीवर एक, कागद जवळजवळ फाटेपर्यंत. धावणारा टिनटिन तिथे खरोखर धावतोय. मग त्यातली एक रेष निवडून तिच्यावर शाई फिरवलेली. उरलेल्या रेषा खोडरबरात गेल्या. १९५०नंतर तर बॉब दे मूरसारखे सहकारी स्टुडिओत पार्श्वभूमी, गाड्या, जहाजं काढायचे. अल्बमवर नाव मात्र एकाचंच.

फ्रांकँ त्या पंधरा-वीस रेषांमधला थरार शाईतही ठेवतो. त्या क्षणापासून माझं मन फिरलं, हे कबूल करते. भाच्याला सांगितलं नाही.

चांगच्या चित्रांपाशी मात्र मी एर्जेकडे परत आले. 'कॉंगोत टिनटिन'मध्ये एर्जेने आफ्रिकी माणसं ज्या तऱ्हेने काढली आहेत ती आज बघवत नाहीत, आणि 'तो काळच तसा होता' हे उत्तर मला पुरत नाही. पण १९३४मध्ये त्याची गाठ शांघायहून ब्रसेल्सला शिल्पकला शिकायला आलेल्या चांगशी पडली. 'ब्लू लोटस' लिहिताना चांगने त्याला चीन समजावला, ब्रश धरायला शिकवलं आणि चित्रांतल्या भिंतींवर खऱ्या चिनी अक्षरांत साम्राज्यशाहीविरोधी घोषणा स्वतः लिहून दिल्या. बेल्जियमच्या मुलांना त्या नुसत्या शोभेच्या वाटल्या असणार. पुढे दोघांची ताटातूट झाली. १९६०च्या 'टिनटिन इन तिबेट'मध्ये टिनटिन बर्फात ज्या मित्राला शोधतो त्याचं नाव चांग, आणि वाटेत दिल्लीला उतरून कुतुबमिनार बघतो, हॅडॉकला गाय पाठीवर घेऊन पळते. खरा चांग एर्जेला भेटला तो १९८१ साली. दोन वर्षांनी एर्जे गेला. त्याच्या नावावर युद्धकाळाचाही डाग आहे. जर्मन ताब्यातल्या 'ल स्वार' दैनिकात तो चित्रं देत राहिला आणि मुक्तीनंतर काही काळ त्याच्यावर बंदी आली.

त्याची कबर उक्ल भागातल्या डीवेगच्या स्मशानभूमीत आहे. १८६६च्या पटकीच्या साथीनंतर सुरू झालेली ही जागा १९५८मध्ये बंद केली होती. एर्जेसाठी खास परवानगी काढली. आता तिथे सगळं रान माजलंय, दगडांवर आयव्ही चढलेली. आम्ही पाच मिनिटं थांबलो. पाऊस आला म्हणून निघालो.

शेवटच्या दिवशी मारोल वस्तीतला जुना बाजार. 'सिक्रेट ऑफ द युनिकॉर्न'च्या सुरुवातीला टिनटिन जहाजाची प्रतिकृती विकत घेतो तो हाच चौक. या वस्तीची स्वतःची एक बोली आहे, डच आणि फ्रेंचची मिसळ. एर्जेने ती कुठेकुठे पेरलीय! सिल्डेव्हिया नावाच्या काल्पनिक देशाचं राजेशाही बोधवाक्य म्हणजे 'इथे आहे, इथेच राहणार' एवढंच, आणि अरबस्तानातल्या वाडेसडाह शहराचं नाव म्हणजे 'हे काय आहे?' आपल्याकडे कुणी गंभीर चेहऱ्याने परग्रहाचं नाव 'खय चाललंस' ठेवावं आणि फक्त मालवणच्या माणसाने गालात हसावं, तसं.

एका चादरीवर जुन्या बश्या, कुलपं आणि 'स्पिरू'चे सुटे अंक होते. म्हातारा विक्रेता तीन युरो म्हणाला. भाच्याने दोनवर आणलं, मग माझ्याकडे बघून दोन अंक घेतले. एक माझ्यासाठी.

विमानात उघडला. गास्तोंचं पान मधोमध, आणि कुणा मुलाने निळ्या बॉलपेनने साहेबाला भरघोस मिशा काढलेल्या. मी वेताळाला काढायचे तशाच, एका बाजूने जरा जास्त वळलेल्या.