घरच्यांना विचारल्याशिवाय नाही

गुरुवार, रात्री साडेबारा. डोंबिवली.

आज गुरुवार, म्हणजे टीआरपीचा दिवस. आकडे आले की सेटवरच्या माणसांचे चेहरेच सांगतात मालिका वर गेली की खाली. मी दुपारी गोरेगावला चित्रनगरीत होते, एका लग्नाच्या महाएपिसोडचे बाईट, म्हणजे कलाकारांच्या छोट्या मुलाखती, घ्यायला. नायिका सकाळी सातपासून शालूत उभी. माझ्याशी बोलता बोलता तिने हळूच मोजडीतून पाय काढून गार लादीवर टेकवला. तेवढाच तिचा विसावा.

चार वाजून दहा मिनिटांनी आमच्या वृत्तवाहिनीच्या असाइनमेंट डेस्कवरून फोन आला. एका ज्येष्ठ अभिनेत्याचं नाव घेऊन म्हणाले, "गेले म्हणतायत. दोन-तीन ग्रुपवर आलंय. लगेच कन्फर्म कर, टिकर तयार आहे." टिकर म्हणजे पडद्याखालची धावती पट्टी.

नाव इथे लिहीत नाही. त्यांच्या घरच्या गणपतीचं शूट मी बारा वर्षं करते आहे. मुलाचा नंबर माझ्याकडे आहे. अशा वेळी फोन लावताना आजही हात गार पडतात. "गेले का" असं मी कधीच विचारत नाही. "बाबा कसे आहेत?" एवढंच विचारते. माणूस गेलेला असेल तर पलीकडच्या पहिल्या श्वासातच कळतं.

"बरे आहेत ताई. आत्ताच पेज घेतली. का हो?"

त्या 'का हो'ला उत्तर देणं फार अवघड होतं. खोटं बोलावंसं वाटलं. पण पाच मिनिटांत दुसऱ्या कुणाचा तरी फोन जाणारच होता, म्हणून खरं ते सांगून टाकलं. तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "आईच्या हातात मोबाइल आहे. आधी तो काढून घेतो."

डेस्कला कळवलं, टिकर थांबला. तोवर बाहेर फुलांचा हार घातलेले फोटो फिरायला लागलेच होते.

23 नोव्हेंबर 2022ची रात्र आठवली. विक्रम गोखले पुण्यात अत्यवस्थ होते आणि ते गेल्याची बातमी वाऱ्यासारखी पसरली. नामवंतांनी श्रद्धांजल्या वाहिल्या. मुलीला सांगावं लागलं की बाबा अजून आहेत, लाइफ सपोर्टवर आहेत, प्रार्थना करा. ते गेले 26 तारखेला. आपला माणूस आत श्वास घेतोय आणि बाहेर त्याच्या अभिनयाचे गोडवे भूतकाळात गायले जातायत, हे त्या घराने कसं सोसलं असेल? त्या रात्री डेस्कशी माझं जोरात वाजलं होतं. सगळीकडे चाललंय, आपणच मागे का, असं तिकडून, आणि घरच्यांचा शब्द येईपर्यंत मी फोनो, म्हणजे फोनवरून थेट बातमी, देणार नाही, असं इकडून. माझा हट्ट तत्त्वाचा होता असं ऑफिसात सगळ्यांना वाटलं. तो तत्त्वाचा नव्हता. तो माझ्या वडिलांचा होता.

2018 साली मी एका पुरस्कार सोहळ्याच्या रेड कार्पेटवर होते. नाना तेव्हा साताऱ्याला आयसीयूत. हातात माइकचा बूम, कानात डेस्कचा आवाज, आणि दोन बाईटच्या मधे फोन बघितला तर घरच्या ग्रुपवर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. व्हेंटिलेटरवर ठेवलंय, हे एका चुलतभावाने चुकीचं ऐकलं होतं. आईचा फोन एंगेज, भावाचा लागेना. मी कॅमेरामनच्या हातात बूम दिला आणि एका जनरेटर व्हॅनच्या मागे जाऊन बसले. चाळीस मिनिटं माझे वडील माझ्यासाठी गेलेले होते. मग भावाचा फोन आला, "अगं आहेत, आहेत."

आई तेव्हा आयसीयूबाहेरच्या बाकावर होती. तिच्या बहिणीने रडतच फोन केला, तशी ती उठून काचेपाशी धावली. नाना पुढे चार दिवस होते. ते चार दिवस आईने फोनला हात लावला नाही. चुलतभावावर मी कधी रागावले नाही. त्याने प्रेमानेच लिहिलं होतं. पण मी त्याच धंद्यात आहे आणि मला माफी नाही, हे मला त्या व्हॅनच्या मागे कळलं.

2007च्या सुमाराला मराठीत चोवीस तास बातम्यांच्या वाहिन्या एकामागून एक आल्या, तेव्हा मी या कामात शिरले. तेव्हा शूट झालं की टेप हातात घेऊन ऑफिस गाठावं लागायचं. त्या प्रवासात बातमी खरी-खोटी करायला अर्धा-पाऊण तास तरी मिळायचा. आता तो वेळ कुणाकडेच नाही.

माझ्या लॅपटॉपवर एक फोल्डर आहे. ज्येष्ठ कलाकारांची प्रोफाइल्स त्यात करून ठेवलेली असतात, व्हीओसकट, म्हणजे मागचं निवेदनही रेकॉर्ड करून. मागे लेकीने ते उघडलं. "आई, ही आजी तर परवा टीव्हीवर होती ना?" तिला सांगितलं, घाईत लिहिलं तर चुका होतात, एखादं महत्त्वाचं नाटकच राहून जातं, म्हणून आधी करतो. तिला पटलं नाही. त्यानंतर मी एक सुरू केलं: प्रोफाइल लिहिताना जे मनापासून वाटलं, ते त्या माणसाला पुढच्या भेटीत तोंडावर सांगायचं. एका बाईंना म्हटलं, तुमचा संवादाआधीचा थांबा बघत आम्ही मोठे झालो. त्या बराच वेळ माझा हात धरून बसल्या होत्या.

घरी पोचायला साडेदहा झाले. लिंक रोडला ट्रॅफिक, मग कांजूरमार्गहून स्लो लोकल. लेकीला आठला येते म्हटलं होतं, ती उद्याचं दप्तर भरून झोपून गेलेली. नवऱ्याने तिच्या वहीवर माझ्याऐवजी सही केली होती. सासूबाई मात्र जाग्या. ताट झाकून ठेवलेलं, टीव्ही बंद.

"ते गेले म्हणे गं? शेजारच्या सांगत होत्या."

"नाही आई. दुपारी पेज प्यायले."

दूरदर्शनच्या दिवसांपासून त्या त्यांना बघतायत. देवघराकडे वळून त्यांनी हात जोडले, आणि मग मला आमटी गरम करून दिली.

आत्ता त्या मुलाचा मेसेज आलाय. बाबांपर्यंत काही पोचू दिलं नाही, म्हणतो. खाली आणखी एक ओळ: "आई विचारतेय, यंदा गणपतीला लेकीला घेऊन येणार ना?"

येते, म्हणून कळवलं. फक्त कॅमेरा त्या दिवशी दुसऱ्या कुणाकडे द्यायला सांगणार आहे.