रांगोळीच्या लिसाजू आकृत्या: वाय-लंबकाची ताजी नोंद

टांगलेल्या बाटलीतून गळणाऱ्या रांगोळीनं लिसाजू आकृत्या, म्हणजे एकाच वेळी दोन काटकोनी दिशांना झोके घेतल्यावर उमटणारे वक्र, काढायचा हा आमचा लंबक. दोऱ्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या जुळतात, म्हणून वाय-लंबक. सांगाडा आता बदलायचा नाही असं ठरलंय, त्यामुळे मापं एकदाची लिहून ठेवतो. तुळईला ८० सेंमी अंतरावर दोन हुक. दोन्हींवरून आलेल्या दोऱ्या तुळईखाली १०० सेंमीवर एका सरकत्या क्लिपमध्ये एकत्र येतात, आणि क्लिपपासून रांगोळीच्या बाटलीच्या गुरुत्वमध्यापर्यंत ८० सेंमी. तुळईला समांतर झोका दिला की लंबक क्लिपपासून हलतो, म्हणजे ८० सेंमीचा. तुळईला काटकोनात दिला की हुकांपासून, म्हणजे १८० सेंमीचा. आवर्तकाल लांबीच्या वर्गमुळावर ठरतो, म्हणून १.८० आणि २.७० सेकंद. ५.४ सेकंदांत समांतर दिशेला तीन झोके, काटकोनात दोन, आणि आकृती पुन्हा सुरुवातीला. ही एक फेरी, आणि हे प्रमाण ३:२. ही मांडणी ह्यू ब्लॅकबर्न यांची, १८४४ची. लिसाजूंनी १८५७ मध्ये नादकाटे आणि आरसे वापरून अशाच आकृत्या प्रकाशानं काढल्या.

४:३ प्रमाणासाठी क्लिप वर सरकवायची, म्हणजे क्लिपपासून गुरुत्वमध्यापर्यंतची लांबी वाढते. १८०चे नऊ-सोळांश १०१.३, असा हिशोब करून थांबू नका. दोरीची एकूण लांबी तीच असल्यामुळे क्लिप वर जाताना बाटलीही सुमारे दोन सेंमी उचलली जाते. खरं माप १००.१. ५:४ साठी ११२.७. दोरी विणलेली फिशिंगची. सुती दोरी पावसाळ्यात लांबी बदलते.

बाटली एक लिटरची, बूड कापून उलटी. तिच्या खांद्यावर बिडाची कडी: बाहेरून १२० मिमी, आतून ७५, जाडी २५. वजन सव्वा किलोच्या आसपास. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर असं काम सहज होतं, फक्त आतलं माप बाटली सोबत नेऊनच द्या. कडी भरलेल्या रांगोळीच्या मध्याशी यायला हवी. मग ३०० ग्रॅम रांगोळी गळून जाईपर्यंत गुरुत्वमध्य दोन-तीन मिलिमीटरच हलतो.

झाकणाला ४ मिमी भोक पाडलं तर तेवढी रांगोळी सुमारे तीन मिनिटं पुरते. पाण्याची धार पातळी उतरेल तशी मंदावते. रांगोळीची नाही, कारण वरच्या थराचा भार बाटलीच्या भिंती पेलतात. म्हणून रेघ शेवटपर्यंत सारखी येते. एकच अट, रांगोळी कोरडी आणि भरड हवी. मैद्याच्या चाळणीतून खाली पडणारी बारीक पूड सरळ वगळा, ती भोकावर कमान धरून बसते. कोल्हापुरातल्या जुलैत चांगली रांगोळीही दमट होते. कढईत दहा मिनिटं परतून पूर्ण गार करून भरा. खाली काळी कडाप्पा फरशी असेल तर वेगळा कागद लागत नाही.

आता सोडण्याची पद्धत, कारण ‘फुलासारखी आकृती येतच नाही, नुसती वाकडी रेघ येते’ ही तक्रार इथूनच निघते. बाटली तिरकी ओढून नुसती सोडली तर ती कुठूनही सोडा, रेघच मिळणार. स्थिर सुरुवात म्हणजे दोन्ही दिशांचा वेग एकाच क्षणी शून्य. अशी वाट टोकाला जाऊन त्याच मार्गानं परत येते. आकृती उघडायची तर एका दिशेनं ओढून दुसऱ्या दिशेनं ढकलावं लागतं. त्यातही निवड आहे: ज्या दिशेचा आकडा विषम, त्या दिशेनं ओढायचं, समवाल्या दिशेनं ढकलायचं. ३:२ मध्ये तुळईला समांतर ओढा. ४:३ मध्ये मात्र काटकोनात. उलट केलंत तर इतका खटाटोप करून पुन्हा रेघच. ढकलताना बोट कडीच्या पातळीवर ठेवा, नाहीतर बाटली डुलते आणि रेघेला दाते येतात.

क्लिप १ सेंमी खाली राहिली तर दर फेरीला कला (दोन दिशांच्या झोक्यांमधला पुढे-मागेपणा) सुमारे ७ अंश सरकते, आणि पूर्ण उघडी आकृती ३५ सेकंदांत मिटून रेघ होते. लांब झोक्यानंही असंच होतं: समांतर दिशेला २५ सेंमी ओढलं तर कोन १८ अंशांवर जातो, आवर्तकाल ०.६ टक्क्यांनी वाढतो आणि कलेची घसरण दर फेरीला ५ अंशांच्या पुढे. ओढ १५ सेंमीवर आणली की ती दोन अंशांपाशी येते. आम्ही तिथंच थांबलो.

ही घसरण अ‍ॅनिमेशनसाठी मात्र सोन्यासारखी. रांगोळी काढून टाकायची, बाटलीच्या खालच्या टोकाशी बारीक एलईडी लावायचा, क्लिप मुद्दाम सेंमीभर खाली घ्यायची, अंधारात व्हिडिओ घ्यायचा आणि दर ५.४ सेकंदांचा प्रकाशमार्ग एका चित्रात जोडायचा. ती चित्रं ओळीनं चालवली की सपाट आकृती तारेच्या पिंजऱ्यासारखी गोल फिरताना दिसते. कॅमेरा दोरीमुळे नेमका मध्यावर टांगता येत नाही. तो बाजूला ठेवून फरशीवर एका चौकोनाच्या चार कोपऱ्यांना खुणा करा आणि तिरकेपणा नंतर सॉफ्टवेअरमध्ये काढा. जिओजेब्रा या गणिती सॉफ्टवेअरमध्ये काढलेला वक्र वर ठेवून पाहताना दोन्ही दिशांना वेगळा क्षय-गुणक (झोका किती वेगानं लहान होतो तो आकडा) द्यावा लागतो. एकच दिला तर पाच-सहा फेऱ्यांनंतर वक्र जुळेनासा होतो.