योग्य भूमिका: 5 गुण

मंगळवार, रात्री

नर्सिंगच्या नीतिशास्त्राच्या असाइनमेंट तपासून झाल्या, पण एका पेपरवर घोडं अडलंय. मी 20 पैकी 16 दिले, दुसऱ्या परीक्षक मॅडमनी 9.

केस नेहमीचीच. कॅन्सरचं निदान झालंय आणि मुलगा नर्सला सांगतोय, 'बाबांना कळू देऊ नका.' बहुतेकांनी पाठ केल्यासारखं लिहिलंय: रुग्णाची स्वायत्तता महत्त्वाची, म्हणून खरं सांगावं. या अडलेल्या पेपरवालीने मात्र केसमधलं एक वाक्य पकडलं. दाखल होतानाच रुग्ण म्हणतो, 'जे काय असेल ते मुलाशी बोला.' ती लिहिते, न जाणून घेणं हाही रुग्णाचाच निर्णय असू शकतो. पण तो मुलाच्या तोंडून ऐकून चालणार नाही. तुम्हाला किती कळायला हवंय, हे नर्सने आधी रुग्णालाच विचारावं, उत्तराची नोंद करावी, डॉक्टरांना कळवावं. समासात मॅडमचा लाल शेरा: 'सत्यकथनाचं तत्त्व पाळलेलं नाही.'

मॅडम माझ्यापेक्षा बारकाईने तपासतात, हेही खरं. नर्सिंगमध्ये 'ज्याचं त्याचं मत' चालत नाही, हे त्यांचं म्हणणं मलाही मान्य आहे. याच गठ्ठ्यात एकाने लिहिलंय, विष घेऊन आलेल्याला वेदनाशामक जरा उशिरा दिलं तरी चालेल, त्याने स्वतःच ओढवून घेतलंय. तिथे मी बिनदिक्कत मार्क कापले. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची आचारसंहिता 1953 पासून आहे, 2021 मध्ये तिची सुधारित आवृत्ती आली. शुश्रूषेत भेदभाव नको, हे तिच्यात स्वच्छ लिहिलंय. त्या विद्यार्थ्याच्या मतापायी रुग्ण तळमळत पडेल. हिच्या मताने कुणाचं काय बिघडतं?

गोम रुब्रिकमध्ये, म्हणजे गुण देण्याच्या निकषांच्या तक्त्यात आहे. 'योग्य नैतिक भूमिका: 5 गुण.' योग्य कुणाच्या मते? आपण नावं झाकून पेपर तपासतो, मतं कशी झाकणार? मुलं हुशार असतात, कुठल्या मॅडमना काय आवडतं ते पहिल्या टर्ममध्येच ओळखतात. मग चिंतनाच्या परिच्छेदात 'मला अपराधी वाटलं' असं टाकायचं आणि मार्क घ्यायचे. वॉर्डात रुग्णाचा असा मुलगा खरंच समोर उभा राहिला, की हे लिखाण काय कामाचं?

मॉडरेशनला, म्हणजे परीक्षकांचे गुण पडताळताना, मी सुचवणार आहे की ती ओळ काढा; त्याऐवजी 'दुसरी बाजू तपासली का' आणि 'रुग्णाला धोका आहे का' असे दोन वेगळे निकष ठेवा. ऑफिसातून सल्ला आलाच आहे, सरासरी काढा, साडेबारा द्या आणि मोकळ्या व्हा. साडेबारा तर आम्हा दोघींपैकी कुणालाच पटलेले नाहीत.