भाकरी थापताना ३१२ पावलं

आज सकाळी आम्ही बनवतोय तो नवा फिटनेस बँड आईच्या मनगटावर बांधला. तिने ज्वारीच्या पाच भाकऱ्या थापल्या आणि फोनवर पावलं किती? ३१२! बाई ओट्यापासून हललीही नव्हती.

"अरे, मग माझं आजचं चालणं झालं म्हणायचं का?"

चूक हालचाल टिपणाऱ्या सेन्सरची नाही. दोन-अडीच मिलिमीटरची चिप, आत केसाहून बारीक सिलिकॉनच्या पट्ट्या. त्या हलल्या की कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) बदलतो, तिला तेवढंच कळतं. (टेबलावर निवांत पडलेली असली तरी ती १ जी दाखवते, गुरुत्वाकर्षणाचा. नवी पोरं दरवेळी घाबरतात.) भाकरी थापायचा ठेका सेकंदाला साधारण दोन, चालण्याचाही तेवढाच. पावलं मोजणाऱ्या बिचाऱ्या अल्गोरिदमने करायचं काय?

ब्लूटूथचं रडगाणं वेगळंच. टेबलावर झकास मिळणारा सिग्नल बँड मनगटावर चढवला की मान टाकतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शरीरातलं पाणी शोषतं, शिवाय कातडीजवळ आलं की अँटेनाचं ट्यूनिंगच सरकतं. ते परत जुळवायला दुपारभर मॅचिंगचा एकच कपॅसिटर (सर्किटमधला चिमुकला भाग) बदलत बसलो होतो. ०४०२ मापाचा, म्हणजे १ मिलिमीटर लांब आणि अर्धा रुंद. एक चिमट्यातून टुणकन उडाला, तो अजून सापडलेला नाही. झाडूवाल्या मावशींना सांगायचीही सोय नाही.

उद्या जोडीला गायरोस्कोप चालू करून बघणार. मनगट कसं वळतं ते कळेल, पण तो बॅटरी फार खातो. तोवर चार्जिंगच्या पिनांमधलं ज्वारीचं पीठ ब्रशने काढतोय. आईला सांगून ठेवलंय, उद्या पोळ्या कर.