पाऊण इंचाचा बोल्ट

‘विराट’ या विमानवाहू जहाजाच्या दुरुस्तीत समुद्राच्या पाण्याच्या एका व्हॉल्व्हचे झाकण बसवण्याचे काम माझ्याकडे आले होते. सहा बोल्टांपैकी एक गंजून तुटला होता. भांडारातून आणलेला १८ मिलिमीटरचा बोल्ट मी त्या भोकात हातानेच फिरवला, तर तो तळापर्यंत गेला. किंचित सैल वाटला. पण जुन्या जहाजाचे आटे झिजलेले असणारच, अशी मी समजूत करून घेतली.

तेवढ्यात आमचे फोरमन तात्या आले. त्यांनी आपल्या पेटीतला सहा सुती, म्हणजे पाऊण इंची बोल्टचा, पाना त्या बोल्टच्या डोक्याला लावला आणि पाना नुसताच गरगर फिरला.

“जहाज कुठलं हे?”

“आपलं.”

“आपलं १९८७ पासून. त्याआधी?”

त्याआधी ते ब्रिटिश नौदलाचे ‘हर्मिस’ होते. १९४४ मध्ये इंग्लंडमधील बॅरो येथे बांधायला घेतलेले हे जहाज युद्ध संपल्यावर रेंगाळत १९५९ मध्ये सेवेत आले, १९८२ च्या फॉकलंड युद्धात त्या ताफ्याचे प्रमुख जहाज ठरले आणि १९८६ मध्ये भारताने ते विकत घेतले. नाव बदलले, ध्वज बदलला. आटे मात्र इंचातले, व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचेच राहिले. उमेदवारीच्या काळात तात्यांनी ‘दिल्ली’ या क्रूझर युद्धनौकेवर काम केले होते आणि तीही १९४८ मध्ये विकत घेतलेली, १९३९ च्या रिव्हर प्लेटच्या लढाईत लढलेली ‘अकिलीस’ होती, त्यामुळे इंची पान्यांची पेटी त्यांनी कधीच मोडीत काढली नव्हती.

पाऊण इंची व्हिटवर्थला इंचाला १० आटे असतात, म्हणजे दोन आट्यांतले अंतर २.५४ मिलिमीटर; १८ च्या मेट्रिक बोल्टला ते २.५. फरक इतका थोडा की बोल्ट बिनतक्रार आत जातो, पण तो मिलिमीटरभर बारीक आणि आट्यांचा कोन ५५ ऐवजी ६० अंशांचा, त्यामुळे दात फक्त टोकाला टेकतात. दाब वाढला की ते छिलून निघणार आणि पाणी थेट यंत्रकक्षात.

लेथवर नवा बोल्ट कातण्यात दुपार गेली. तो बसवण्यापूर्वी तात्यांनी उरलेल्या पाच डोक्यांवरचा रंग खरवडायला लावला. चौथे डोके बाकीच्यांपेक्षा लहान निघाले. ते किती वर्षे तसेच होते, ते त्या रंगाच्या थरांनाच ठाऊक. तात्यांनी बोल्ट काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि दुसरा कातायला पाठवले.